जुन्या वस्तऱ्यांवरचे ठसे कसे वाचायचे? कारखाना, देश आणि काळ ओळखायला मदत हवी

पातं_आणि_मूठ:

नमस्कार मंडळी. घडीचे तीन जुने वस्तरे ओळखायचे आहेत. अजून एकालाही पॉलिश किंवा सँडपेपर लावलेला नाही. मापं कॅलिपरने घेतली आहेत.

पहिला: पातं जड आणि रुंद. टाचेपाशी (धारेचं मुठीच्या जोडाकडचं टोक) २०.५ मिमी, टोकापाशी २२ मिमी. पाठीची जाडी ६ मिमी. दोन्ही बाजू किंचितच खोलगट, जवळजवळ सपाट म्हणाव्या अशा. टँगवरच्या (पात्याचा खिळ्याने मुठीला जोडलेला, धार नसलेला जाड भाग) ओळीतली शेवटचीच अक्षरं लागतात: '…टेनहोल्म अँड सन', आणि खाली 'वॉशिंग्टन वर्क्स'. देशाचं नाव कुठेच दिसत नाही. मूठ काळी, दोनच खिळे, आणि फिरणाऱ्या खिळ्याच्या विरुद्ध टोकाला मुठीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये करड्या रंगाची मऊ धातूची पाचर. वॉशिंग्टन म्हणजे हा अमेरिकन समजायचा का?

दुसरा: पातं १६ मिमी, कागदासारखं पातळ, नखाने दाबलं की धार किंचित लवते. टँगवर एका बाजूला 'ए. कास्टर अँड ब्रदर्स, न्यूयॉर्क', दुसऱ्या बाजूला 'जर्मनी'. मूठ पिवळसर पांढरी, तिच्यात लांबीच्या दिशेने बारीक समांतर रेघा. हस्तिदंत असावं असं वाटतंय. विचित्र गोष्ट म्हणजे पात्याचा जो भाग मिटल्यावर मुठीत जातो तेवढाच गंजलाय, टँग आणि शेपूट (टँगच्या पुढे बाहेर येणारं निमुळतं टोक) स्वच्छ आहेत.

तिसरा: टँगवर मोठ्या अक्षरांत 'बेंगॉल', स्पेलिंगमध्ये शेवटी दोन एल. मागची बाजू गंजाने झाकलेली. हा बंगालच्या पोलादाचा आहे का?

ठसेवाचक:

साफ केले नाहीत हे फार बरं केलंत. ओळख पटवायचा अर्धा पुरावा त्या मळात आणि गंजाखालीच असतो, आणि बहुतेक वस्तरे तो वाचण्याआधीच घासून गुळगुळीत केले जातात.

वस्तऱ्यावरचं नाव चार प्रकारचं असू शकतं: घडवणाऱ्या कारखान्याचं, आयात करणाऱ्या व्यापाऱ्याचं, विकणाऱ्या दुकानाचं, किंवा नुसतं मालाचं नाव. तुमच्या तिघांत यातले तीन प्रकार आलेत.

पहिला अमेरिकन नाही. तो इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जॉर्ज वोस्टेनहोल्मचा. या कंपनीने १८४८ मध्ये शेफील्डमध्ये मोठा कारखाना घेतला आणि त्याला वॉशिंग्टन वर्क्स हे नाव दिलं, कारण त्यांचा बराचसा माल अमेरिकेला जायचा. म्हणजे १८४८ च्या आधीचा हा असूच शकत नाही. टँगवर किंवा पात्यावर आय, एक्स, एल ही अक्षरं आणि आयनंतर एक छोटी चांदणी दिसते का पाहा. तो त्यांचा ठसा. मोठ्याने वाचला की 'आय एक्सेल' होतो, म्हणजे 'मी सरस'.

दुसऱ्यावरचं नाव बनवणाऱ्याचं नाही. अ‍ॅडॉल्फ कास्टर हा न्यूयॉर्कचा आयातदार होता. पातं जर्मनीत घडलं, बहुधा झोलिंगेन या पाती घडवणाऱ्या गावात. नेमकं कोणत्या कारखान्यात, हे अशा वस्तऱ्यांच्या बाबतीत सहसा कळत नाही आणि ते न कळणं मान्य करावं. ठसा व्यापाऱ्याने सांगितला तसा मारलेला असतो.

तिसऱ्याचा बंगालशी काही संबंध नाही. बेंगॉल हे शेफील्डच्या टी. आर. कॅडमन अँड सन्सच्या मालाचं नाव. मागच्या बाजूला 'कॅडमन' निघायला हवं. असाच दुसरा चकवा म्हणजे 'क्रॉप'. नाव जर्मन वाटतं, पण लंडनच्या ऑस्बोर्न गॅरेट कंपनीचा तो माल शेफील्डमध्ये बनायचा. 'स्वीडिश स्टील' असं लिहिलेले कित्येक वस्तरे झोलिंगेनचे असतात. तिथे फक्त पोलाद स्वीडनचं. खरा स्वीडिश वस्तरा असेल तर 'एस्किल्स्टुना' हे गावाचं नाव शोधा. फ्रेंच असेल तर 'थिएर'.

आता ठसा वाचायची रीत. आधी धारेवर कागदी चिकटपट्टीचे दोन थर लावा, म्हणजे बोटं वाचतील. टँगवर शिलाई मशीनचं तेल सोडा आणि चोवीस तास तसंच राहू द्या. मग कापसाने पुसा आणि अक्षरांच्या खाचांतला मळ लाकडी दातकोरणीने काढा. सुई नको, सुईचे ओरखडे नंतर अक्षरांसारखेच दिसतात. खोलीत अंधार करून टॉर्च टँगला जवळजवळ आडवा टेकवा आणि चारही बाजूंनी फिरवा. वरून पाडलेल्या उजेडात जे सपाट दिसतं ते तिरप्या उजेडात सावली टाकतं. प्रत्येक दिशेने एक फोटो काढा. एका फोटोत उभ्या रेघा उठतील, दुसऱ्यात आडव्या. दोन्ही शेजारी ठेवले की अक्षर पूर्ण होतं. एवढ्यावर भागलं नाही तर तेल पूर्ण पुसून पातळ टिश्यू पेपर टँगवर ताणून धरा आणि ६बी पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात.

सुरुवातीची अक्षरं गेली, शेवटची राहिली, याचं कारणही समजून घ्या. ठसा मारतात तो पोलाद मऊ असताना, पाणी देण्याआधी (म्हणजे तापवून, बुडवून कडक करण्याआधी). टँगची बाजू थोडी गोलाईची असते, त्यामुळे सपाट ठसा मध्ये खोल बसतो आणि कडांना उथळ. हात जरा कलला की एक कड अजूनच उथळ. नंतर पात्याला पाणी चढवल्यावर टँगही घासून साफ करतात, तेव्हा ती उथळ कड पुसली जाते. म्हणजे अर्धा ठसा दिसला म्हणून वस्तरा बनावट ठरत नाही.

व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल लावू नका. गंज जातो खरा, पण अक्षरांच्या कडाही विरघळतात. आणि अशी गेलेली कड परत येत नाही.

शिंगपारखी:

मुठींबद्दल लिहितो.

दुसऱ्याची मूठ हस्तिदंताची नाही. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर, म्हणजे मुठीच्या टोकाला, एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते. हाडात बारीक काळे ठिपके किंवा तुटक रेघोट्या असतात, कारण ती रक्तवाहिन्यांची भोकं. तुम्ही सांगताय तशा एकसारख्या समांतर रेघा म्हणजे सेल्युलॉइड. पातळ थर एकावर एक दाबून हस्तिदंताची नक्कल करायचे. खात्री करायची तर अंगठ्याने मूठ अर्धा मिनिट जोरात चोळा आणि लगेच हुंगा. कापराचा वास येईल, कारण सेल्युलॉइड बनवताना कापूरच घालतात.

तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला काही ठिकाणी सर्रास देतात. कृपा करून ते करू नका. शिंग असेल तर केस जळाल्यासारखा वास येईल इतकंच, पण सेल्युलॉइड असेल तर ते भडकन पेटतं.

आणि मुठीत जाणारा भागच का गंजला, याचं उत्तर त्याच मुठीत आहे. सेल्युलॉइड जुनं झालं की विघटित होऊ लागतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड सोडतं. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. वस्तरा मिटलेला असताना तो वायू दोन पट्ट्यांच्या मध्ये कोंडतो आणि पात्याचा नेमका तेवढाच भाग खातो. बाहेर राहिलेले टँग आणि शेपूट साफ राहतात. ओलाव्याने आलेला गंज असा हिशेबात येत नाही, तो सगळीकडे पसरतो. मुठीला बारीक तडे, चिकटपणा किंवा तपकिरी डाग दिसत असतील तर हे पुढच्या टप्प्यात गेलंय असं समजा.

पहिल्याची काळी मूठ उजेडासमोर धरा. शिंग काळं रंगवलेलं असलं तरी पातळ कडांपाशी तपकिरी उजेड आरपार येतो आणि लांबीच्या दिशेने तंतू दिसतात. कडेला थर सुटल्यासारखे दिसतात का, किड्यांनी कुरतडलेले उथळ खळगे आहेत का, तेही पाहा. शिंगाला कीड लागते, सेल्युलॉइडला नाही. तिसरी शक्यता कडक रबराची. ते उजेडात राहून हिरवट तपकिरी पडतं आणि चोळल्यावर गंधकाचा वास येतो.

करडी मऊ पाचर म्हणजे शिसं. जुन्या शेफील्ड वस्तऱ्यांत हे नेहमीचं. त्यावर पांढरी भुकटी जमली असेल तर फुंकू नका, घासू नका. ओल्या फडक्याने टिपा, फडकं टाकून द्या, हात धुवा.

निसणा:

ठसेवाचकांचं बरोबर आहे, पण पुढे कोणीतरी म्हणणारच, 'इंग्लंड' लिहिलेलं नाही म्हणजे १८९१ च्या आधीचा. ते तसं सरळ नाही म्हणून आधीच लिहितो.

अमेरिकेने १८९० मध्ये जकातीचा कायदा केला आणि १ मार्च १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत असणं बंधनकारक केलं. म्हणून 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' दिसलं की वस्तरा बहुधा त्यानंतरचा, हे धरायला हरकत नाही. उलट बाजूने मात्र हे चालत नाही. ब्रिटनमध्येच विकायच्या किंवा दुसऱ्या देशात जाणाऱ्या मालाला अमेरिकेचा कायदा लागू नव्हता, तिथे नुसतं 'शेफील्ड' पुढेही चाललं. देशाचं नाव नसणं हा एकट्याने पुरावा होत नाही. सोबत घडण आणि मूठ जुळली पाहिजे.

'मेड इन जर्मनी'चं मूळ वेगळं, ते ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यात. परदेशी माल इंग्लिश म्हणून खपवला जात होता, त्याला आळा घालायला तो आला. 'डब्ल्यू. जर्मनी' किंवा 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०. झोलिंगेन या नावाला १९३८ पासून जर्मनीत कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे त्यानंतरच्या मालावर ते नाव असेल तर भरवसा ठेवता येतो.

राजाच्या अक्षरांचंही तसंच. मुकुट आणि 'व्ही. आर.' असेल तर व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. 'डब्ल्यू. आर.' म्हणजे चौथा विल्यम, १८३० ते १८३७. ही मुदत एवढी छोटी की अशी छाप सापडणं म्हणजे मोठं काम झालं. पण 'जी. आर.' फसवतं. १८३० पर्यंतचे जॉर्जही तेच आणि १९१० नंतरचे जॉर्जही तेच. तिथे पात्याचा आकार बघूनच निकाल लावायचा. 'कटलर्स टू हर मॅजेस्टी' असेल तर राणीचा काळ, 'हिज' असेल तर राजाचा.

आता घडण. अठराव्या शतकातल्या वस्तऱ्याला शेपूट जवळजवळ नसतंच, नुसता ठोंब. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ते लांबत गेलं. पाचरीसारखी भरीव, रुंद पाती ही शेफील्डची त्या शतकाच्या मधल्या काळातली ओळख. धार लवावी इतकी पोकळ घासलेली पाती नंतरची, शतकाच्या शेवटच्या दशकांत बोकाळलेली, आणि त्यात झोलिंगेनचा हात सरस. तुमचा पहिला आणि दुसरा शेजारी ठेवून टोकाकडून बघा. एकाचा छेद पाचरीचा, दुसऱ्याचा दोन्हीकडून खोल कोरलेला.

मापांवरून एक हिशेब. पाठ ६ मिमी, रुंदी सरासरी २१ मिमी, म्हणजे धारेचा कोन साधारण १६ अंश. वस्तऱ्याला हा कोन योग्यच. पण यावरून पातं झिजलेलं नाही असं ठरत नाही, कारण निसण्यावर पाठ आणि धार दोन्ही टेकतात आणि बरोबरीने झिजतात. झीज पाहायची तर पाठीच्या दोन्ही कडांवर चपटी चकचकीत पट्टी किती रुंद आहे ते मोजा. १ मिमीच्या आत असेल तर उत्तम. ३ मिमी असेल तर पातं मुळात बरंच रुंद होतं. टाच टोकापेक्षा दीड मिमी अरुंद आहे, हे झिजेमुळे की मुळातच, हेही त्या पट्टीवरून कळेल. पट्टी टाचेकडे रुंद होत गेली असेल तर झीज, सगळीकडे सारखी असेल तर पातं घडवलंच तसं.

पातं_आणि_मूठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केलं.

पहिला: चोवीस तास तेलात ठेवून तिरप्या उजेडात 'जॉर्ज' चा जी आणि शेवटचा ई दिसला, आणि खाली 'शेफील्ड'. दुसऱ्या बाजूला आय, चांदणी, एक्स, एल अर्धा. देशाचं नाव कुठेच नाही. मुठीच्या कडेतून तपकिरी उजेड येतो, तंतू दिसतात, एका पट्टीवर किड्यांनी कुरतडलेले तीन खळगे. पाठीवरची पट्टी टोकाकडे ०.८ मिमी, टाचेकडे १.१ मिमी.

दुसरा: चोळल्यावर कापराचा वास अगदी स्पष्ट. खिळ्याभोवती दोन तडे.

तिसरा: मागे 'कॅडमन' आणि 'शेफील्ड, इंग्लंड' दोन्ही निघालं.

एक शंका: पहिल्याची मूठ मूळचीच आहे की नंतर बदललेली, हे कसं कळेल?

ठसेवाचक:

मूठ मूळची आहे का, हे तीन जागी कळतं. पहिली, फिरणाऱ्या खिळ्यापाशी. वस्तरा हजारदा उघडला-मिटला की टँगच्या बाजूंना गोलाकार घासल्याची खूण पडते, आणि पट्टीच्या आतल्या अंगालाही त्याच जागी तेवढीच. दोन्ही खुणा जुळल्या तर त्यांचा संसार जुना. दुसरी, खिळ्याची डोकी. जुन्या कामात डोकं बारीक आणि गोल ठोकलेलं असतं, आजूबाजूला हातोडीचे खळगे नसतात. भोवतीची चकती चमकदार आणि बाकी सगळं मळकट असेल तर खिळा नवा. तिसरी, मिटल्यावर पातं दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये बसतं का आणि धार पट्ट्यांच्या कडेबाहेर येत नाही ना. परक्या मुठीत पातं सहसा एका बाजूला टेकतं किंवा टोक बाहेर डोकावतं.

हे जुळलं तर पहिल्याचा काळ मी १८४८ ते १८८० च्या आसपास धरेन. वॉशिंग्टन वर्क्समुळे खालची मर्यादा पक्की, भरीव घडण आणि शिंग-शिशाच्या मुठीमुळे वरची. निसणा म्हणतात ते मला मान्य आहे, देशाचं नाव नाही या एका मुद्द्यावर मी ही वरची मर्यादा टेकवत नाही. पाठीची झीज मिलिमीटरभरच आहे, पण टाचेकडे थोडी वाढते, म्हणजे टाच थोडी झिजलीये. बाकीचा अरुंदपणा मुळातलाच.

दुसरा, 'जर्मनी' असल्यामुळे १८९१ नंतरचा. पोकळ घासणी आणि सेल्युलॉइडची मूठ दोन्ही त्याला धरून आहेत. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन मालाची वाट बंद झाली, त्यामुळे १८९१ ते १९१४ हा सर्वांत संभवनीय काळ. कास्टरने १९०२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॅमिलस इथला कारखाना घेतला, पण तुमच्या पात्यावर 'जर्मनी' आहे तेव्हा त्याचा इथे संबंध नाही.

तिसऱ्यावर 'इंग्लंड' आहे, म्हणजे तोही बहुधा १८९१ नंतरचा. यापेक्षा बारीक काळ हवा असेल तर मूठ कशाची आहे ते लिहा.

धारदार_शंका:

मध्येच विचारतो. ज्या वस्तऱ्यावर 'सिल्व्हर स्टील' लिहिलेलं असतं त्यात खरंच चांदी असते का?

निसणा:

हा शब्द एका खऱ्या प्रयोगातून आला. जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा हत्यारं बनवणारा आणि मायकेल फॅरेडे यांनी १८२० च्या सुमारास पोलादात वेगवेगळे धातू मिसळून पाहिले. भारतातून गेलेल्या वूट्झ पोलादाचाही त्यांनी अभ्यास केला होता. चांदी जास्त घातली तर ती पोलादात मिसळत नाही, तंतू होऊन वेगळी राहते, हे त्यांच्या लक्षात आलं. ५०० भाग पोलादाला १ भाग चांदी, एवढंच प्रमाण नीट जमलं. त्यानंतर शेफील्डच्या कित्येक वस्तऱ्यांवर हे शब्द आले. म्हणून ही छाप दिसली तर वस्तरा १८२० च्या आधीचा नाही, इतकं पक्कं धरा. चांदी आहे की नाही हे नुसत्या छापेवरून सांगता येत नाही. आणि जर्मन 'झिल्बरश्टाल' असेल तर ते घासून चकचकीत केलेल्या कार्बन पोलादाचं नाव, त्यात चांदी नाही.

'कास्ट स्टील'ही असंच कामाचं. मुशीत वितळवून ओतलेलं पोलाद, ही रीत बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात शेफील्डजवळ बसवली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या वस्तऱ्यांवर हे शब्द अभिमानाने मोठे मारलेले दिसतात.

शिंगपारखी:

पातं_आणि_मूठ, खिळ्याभोवती तडे आहेत म्हणजे दुसरा वस्तरा आजच बाकीच्या दोघांपासून वेगळा काढा. त्याचा वायू शेजारच्या पात्यांनाही खातो, एकाच पेटीत तर नक्कीच. वस्तरा पूर्ण उघडा ठेवा, मिटू नका. हवाबंद डबा किंवा प्लास्टिकची पिशवी नको, कारण कोंडलेला वायू विघटन आणखी वाढवतो. हवा खेळेल असा पुठ्ठ्याचा खोका, थंड आणि अंधारी जागा, चूल आणि हीटरपासून लांब. पात्यावर तेलाचा पातळ हात द्या आणि महिन्याला एकदा पुसून परत द्या. मूठ चिकट होऊ लागली तर खिळे काढून पातं सोडवायची वेळ आली. त्याआधी दोन्ही पट्ट्यांचे सरळ आणि तिरप्या उजेडातले फोटो काढून ठेवा, म्हणजे नवी मूठ करताना जुनीचा आकार हाताशी राहील.

शिंगाच्या मुठीला दर दोन-तीन महिन्यांनी निट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल) एक हात पुरे. तेल लावल्यावर रात्रभर मूठ फडक्यात गुंडाळून ठेवा आणि सकाळी जास्तीचं पुसून टाका. खळग्यांत तेल साचू देऊ नका, तिथे धूळ बसते.